पातेल्याचा डावा कान

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. फोन करता आला असता, पण फोनवर तू 'हं' आणि 'बरं' या दोन शब्दांवर दहा मिनिटं काढतोस, आणि पलीकडून काही आलं नाही की मी भलतंसलतं बोलत सुटते. जे सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून आज रविवारी सकाळी चहाचा मोठा कप आणि कोरे कागद घेऊन बसले आहे. आमचे हे फिरायला गेलेत, तेव्हा मध्येच येऊन माझं वाक्य दुरुस्त करणारंही कुणी नाही.

आधी घरची बातमी. लेकीला नोकरीच्या गावी खोली मिळाली. तिसरा मजला, खिडकीपाशी एक ओटा, दोन शेगड्या. भांडी घ्यायला आम्ही दोघं तिच्याबरोबर बाजारात गेलो. ह्यांनी कुठेतरी वाचलंय की चुंबक चिकटलं नाही म्हणजे स्टील अस्सल. तेव्हापासून किल्ल्यांच्या जुडग्यात एक चुंबक अडकवलंय. दुकानात शिरले आणि डॉक्टरने छातीला नळी लावावी तसं एकेका भांड्याला लावत सुटले. एका चकचकीत संचाला काही चुंबक चिकटेना. सात भांडी, वर काचेची झाकणं, आणि किंमत ऐकून लेकीचा चेहरा खुललाच. दुकानदार म्हणाला, "साहेबांना पारख आहे." झालं, हे वीतभर उंच झाले. मी त्यातलं मधलं पातेलं उचललं आणि पालथं केलं. काठ चांगला जाड दुमडलेला, हाताला भरीव लागावा असा. पण बुडावर अंगठा दाबला तर पत्रा आत गेला आणि टक्क करून परत वर आला. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग तो ह्यांच्याशी बोलायचा थांबला आणि माझ्याशी बोलायला लागला.

ह्यांना मी रस्त्यात समजावलं. चुंबकाचं म्हणणं अर्धंच खरं असतं. निकेल महाग, म्हणून ते कमी करून मँगनीज घातलेलं स्टीलही येतं, आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही. मिठाचं पाणी दोन दिवस ठेवलं की मग त्यावर बारीक तपकिरी ठिपके उमटतात, तेव्हा कळतं. उलट चांगल्या पातेल्याचं बूड मुद्दाम चुंबक धरणाऱ्या पत्र्याचं केलेलं असतं, विजेच्या इंडक्शन शेगडीवर चालावं म्हणून. ते भांडं ह्यांनी नापासच केलं असतं. शेवटी आम्ही त्या सात भांड्यांच्या किमतीत तीन घेतली. पॉलिश मंद, खोकं साधं, झाकणं साधी, पण बूड जाड आणि सपाट. लेक बसथांब्यापर्यंत गाल फुगवून होती. "सातच्या जागी तीन, आणि वर दिसायला अशी," एवढंच म्हणाली. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. दूध शेगडीवर ठेवून अंघोळीला गेली होती, आल्यावर बघते तर उतू गेलेलं, पण तळाला लागलं नव्हतं. ओटा पुसता पुसता फोन करत होती. माझ्याबद्दल इतकं गोड ती याआधी दहावीच्या निकालाच्या दिवशी बोलली होती.

हे सगळं मी तुला सांगणं म्हणजे गवंड्याला विटा दाखवणं. पण दादा, तू भांडं घडवतोस, मी ते वापरते. अठ्ठावीस वर्षं रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काढल्यावर मला एक गोष्ट उमगली आहे, ती तुझ्या कारखान्यातून कदाचित दिसत नसेल. स्वस्त भांडं म्हणजे वाईट भांडं नव्हे. स्वस्तात करायचं म्हणजे कुठेतरी पैसा वाचवावा लागतोच. तो कुठे वाचवला, एवढंच बघायचं. चकाकीत वाचवला असेल तर तो माणूस शहाणा. खोक्यात, झाकणाच्या मुठीत, बाहेरच्या नक्षीत वाचवला तरी काही बिघडत नाही. बुडात किंवा उचलायच्या कानात वाचवला असेल, तर मग भांडं फुकट दिलं तरी महाग पडतं.

आमच्याकडेही सध्या नव्या भांड्यांचंच चाललं होतं. चार रुग्णालयांची खरेदी एकाच कचेरीतून होते, पण तपासणी या वेळी आमच्या स्वयंपाकघरावर सोपवली. वीस लिटरची पातेली, किमतीची मर्यादा बरीच खाली. पाच नमुने आले. कुणाचं कुठलं ते आम्हाला कळू नये म्हणून शिक्के खरवडून नुसते आकडे चिकटवलेले. तपासायला मी आणि माझ्या शेजारच्या शेगडीवरची मावशी. मावशी म्हणजे वयाने माझ्याहून दोनच वर्षं मोठी, पण नोकरीला लागली तेव्हापासून सगळ्यांची मावशी. आम्ही दोघींनी तीन आठवडे त्या पातेल्यांचा नुसता छळ मांडला. फरशीवर ठेवून काठ दाबले, कुठलं डुगडुगतं ते पाहिलं. तळाला कोरडं पीठ पसरून मंद आचेवर ठेवलं. तीन नंबरमध्ये मधोमध काळा गोल आणि कडेला पांढरंच, म्हणजे आच पसरतच नाही, ते बाद. दुसऱ्यात सगळीकडे सारखं बदामी. मिठाचं पाणी भरून ठेवलं. एक नंबर आणि पाच नंबर तिथेच गळाले. मावशी त्या ठिपक्यांकडे बघून म्हणाली, "याला तर गोवर आलाय."

चार नंबर मी पहिल्या दिवशी हातात घेतलं आणि खाली ठेवलं. मग पुन्हा घेतलं. काठावरून बोट फिरवलं तर कुठेच फट लागली नाही. पाणी मुरायला, खरकटं अडकायला जागा नाही. आणि जिथे काठाचा जोड येतो तिथे तो कानाखाली दडवलेला, लाकडी हातोडीने हलकेच चेपून बसवलेला. ती चेपण बघायला डोळे लागत नाहीत रे. बाबांच्या बाकाखाली बसून मी ते चेपणं दुपारच्या दुपार ऐकलंय. हातोडीचे तीन ठोके, मग एक थांबून. असा काठ बाबा करायचे, आणि बाबांनंतर दुसरं कुणी करत असेल तर ते मला एकच ठिकाण माहीत आहे.

मी तशीच आमच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख मॅडमकडे गेले. त्या नव्या आहेत, चाळिशीच्या आत, पण डोक्याने थंड. म्हटलं, चार नंबर ओळखीचं वाटतंय, बहुतेक माझ्या भावाचं आहे, मला यातून काढा. त्यांनी कागद पुढे ओढला, माझं म्हणणं लिहून घेतलं, माझी सही घेतली. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत, विषय संपला. तपासणी दोघींची, सह्या दोघींच्या. ओळखीचं म्हणून पास करू नका आणि ओळखीचं म्हणून नापासही करू नका." दुसरी गोष्ट जास्त कठीण असते, हे मला पुढच्या तीन आठवड्यांत कळलं. तुझ्या पातेल्यात सगळं चांगलं निघत होतं आणि मी पुन्हा पुन्हा तपासत होते. पीठ सगळ्यात सारखं तुझ्या पातेल्यात भाजलं. मिठाच्या पाण्याला ते बधलं नाही. मावशीला तर माहीतही नव्हतं कुणाचं आहे, पण ती त्यालाच 'आपलं चार नंबर' म्हणायला लागली होती. मी वर काही दाखवत नव्हते. आतून मात्र शाळेत भावाचा नंबर पहिला आल्यासारखी फिरत होते.

मग शेवटची परीक्षा राहिली, उचलण्याची. पातेलं काठोकाठ पाण्याने भरायचं, दोघींनी दोन कान धरून स्वयंपाकघराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं, ठेवायचं, परत आणायचं. दोनशे फेऱ्या, चार दिवसांत वाटून. ही परीक्षा कचेरीच्या यादीत नव्हती, आमची आम्हीच घातली. तीन वर्षांपूर्वी मावशी आणि मी असंच उकळतं सूप नेत होतो. माझ्या बाजूचा कान हातातच राहिला आणि सूप तिच्या उजव्या पायावर गेलं. पाच महिने ती घरी होती. अजून थंडीत तिला बंद बूट घालवत नाहीत. एकदाही मला ती 'तुझ्या बाजूचा कान' असं म्हणाली नाही. पण मला ते रोज ऐकू येतं.

तुझ्या पातेल्याच्या एकशे साठ फेऱ्या झाल्या तेव्हा मी सवयीने डाव्या कानाखाली नख फिरवलं. नख अडकलं. केसाएवढी चीर होती. मावशीने चष्मा लावून पाहिलं, उजेडात नेऊन पाहिलं. म्हणाली, "मला तर काही दिसत नाही. तुझं नखच खरखरीत असेल." खरं सांगते दादा, तेवढ्यापुरतं मला ते पटवून घ्यायचं होतं. उरलेल्या चाळीस फेऱ्या कदाचित निभावल्याही असत्या. चांगलं स्टील, चांगलं बूड, आणि वहिनीने फोनवर सांगितलेलं सगळं डोक्यात होतंच. बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालाने तुझी गिऱ्हाइकं कशी पांगली, या कामावर तू किती आस लावून बसलायस, किती दिवसांनी पुन्हा शीळ घालत कारखान्यात जायला लागलायस. मी मावशीला म्हटलं, चीर आहे, लिहू या. आणि लिहिली. एकशे त्र्याऐंशीव्या फेरीला कान एका बाजूने सुटला. पाणी गारच होतं. आमच्या चपला भिजल्या, फरशी धुतली गेली, एवढंच. तरी मावशी बराच वेळ स्टुलावर पाय वर घेऊन बसली होती.

दोन नंबर पास झालं. तुझ्याइतकं चांगलं नाही, काठाला फट आहे, पॉलिश तर नाहीच. पण कानाला चार जाड रिव्हेट ठोकलेत, आणि ते दोनशे फेऱ्यांनंतर जसेच्या तसे. तू नुसते वेल्डिंगचे टिपके देऊन कान चिकटवलेस. का, ते मला कळतं. किमतीची मर्यादा खाली होती आणि तुला स्टीलमध्ये तडजोड करवेना. पण बाहेरचं पॉलिश तू आरशासारखं केलंयस रे. त्यात स्वतःचा चेहरा बघून मी पदर नीट केला. रुग्णालयाच्या पातेल्यात कोण तोंड बघतं. ते अर्धं केलं असतंस तरी दोन्ही कानांचे रिव्हेट त्यात निघाले असते.

घरी येऊन हे सगळं ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, तो दुखावेल. मी त्यांना चाळीस झाकणांची गोष्ट सांगितली. तुला आठवतच असेल, पण माझ्या बाजूने कधी ऐकली नसशील. वसतिगृहाला झाकणं पोचवून झाली होती, त्यांची काही तक्रार नव्हती. तू एकोणीस वर्षांचा. घरी उरलेलं एक झाकण मोजून जेवताना म्हणालास, "बाबा, ही दोन मिलिमीटर कमी आहेत." बाबांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी तू हातगाडी घेऊन निघालास आणि मी मागून ढकलायला आले. सगळी झाकणं परत आणलीस. येताना तुझे कान लाल झाले होते, पण तू सरळ चालत होतास. बाबा आठवडाभर तुझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतर मात्र जो भेटेल त्याला ते स्वतःच ती गोष्ट सांगायचे, तू तिथे नसताना. ते तुला कुणी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. म्हणून आज मी सांगते आहे.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. या आठवड्यात तुला कचेरीचा लिफाफा येईल. आत छापील कागद असेल, 'नमुना क्रमांक चार, अपात्र.' खाली कारणाच्या रकान्यात हाताने लिहिलेल्या दोन ओळी आहेत. अक्षर तू ओळखशीलच, आणि ते तू त्या कागदावर एकट्याने ओळखावंस हे मला नको होतं. दिवाणखान्यात बसून वाचण्याआधी हे पत्र तुझ्या हातात असावं म्हणून ही घाई. तीन महिन्यांनी पुन्हा नमुने मागवणार आहेत, दुसऱ्या मापाच्या पातेल्यांसाठी. त्या तपासणीत मी नसेन. येत्या महिनाअखेरीला माझी नोकरी संपते, आणि मॅडमना मी तसं लेखीही दिलंय. त्यानंतर मी कुणाची तपासनीस नाही, तेव्हा तुझ्या कारखान्यात येऊन बसायला मला कुणाची आडकाठी नाही. कान कुठे आणि किती वर लावला म्हणजे भरलेलं पातेलं मनगटावर येत नाही, हे मी तुला कागदावर काढून दाखवू शकत नाही, उचलूनच दाखवावं लागेल. वहिनीला कळवलंय, ती म्हणाली मागची खोली झाडून ठेवते. तू ये म्हणालास तर एक तारखेला निघते. नाही म्हणालास तरी निघणार आहे, तिकीट काढून झालंय.

तुझीच,
धाकटी