दोन राउंड पहिला

४ एप्रिल
पुन्हा परदेशी मैदान, पुन्हा पंधराशे मीटर. पहिले दोन राउंड मी सगळ्यांच्या पुढे. मग ठरल्याप्रमाणे बाजूला झालो. पेसमेकरचं कामच ते. वेग बांधून द्यायचा, गपचूप गवतावर यायचं, जिंकायचं दुसऱ्यांनी. तात्पुरतं आहे. दोन वर्षं झाली, पण तात्पुरतंच.
घरी फोनवर नेहमीचं सांगितलं, गुडघा दुखावला. आई म्हणाली, हो रे बाळा, जपून. इतक्या मायेने म्हणाली की मलाच कसंसं झालं.

११ एप्रिल
घरी आलोय. बॅग बाबांनी उचलली, जिना चढून वर आणली, मला हात लावू दिला नाही. इंटरनॅशनल खेळाडूला घरात मान असतोच म्हणा.
संकल्प: उद्यापासून पाचला उठणे. शेवटपर्यंत पळण्याचा सराव.

१२ एप्रिल, सकाळी साडेनऊ
आईने उठवलंच नाही. उलट ताईच्या पोरांना दम दिला, मामाला दचकवायचं नाही म्हणून. सराव उद्या.

१४ एप्रिल
आईचं नवीनच खूळ. मोबाइल शर्टच्या खिशात ठेवू नकोस म्हणते. खिसा फाटेल म्हणून असेल.
ताई जिन्यात शेजारच्या काकूंना सांगत होती, आमचा भाऊ भलता हिमतीचा. ऐकून बरं वाटायला हवं होतं. लाजच वाटली. गवतावर येऊन उभं राहायला कसली डोंबलाची हिंमत!

१७ एप्रिल
घात झाला. पुढची रेस आपल्याच स्टेडियमवर, आणि आई म्हणते मी येणार. टीव्हीवर गुडघा खपून जायचा, समोर बसल्यावर कसा खपणार? आरशासमोर लंगडून पाहिलं. पण डावा सांगितला होता की उजवा, आठवेना.
ठरलं. थांबायचंच नाही. जिंकायचं. वेग बांधायला मला नेमणाऱ्या मॅनेजरचं नंतर बघू.

२३ एप्रिल, रेसनंतर
दोन राउंड पहिला. थांबलो नाही. आई कठड्याशी उभी राहून दोन्ही हात हलवत ओरडत होती. अंगात वीज संचारली. मग एकेक जण शेजारून निघून गेला आणि वीजही गेली. शेवटचा आलो. माझ्या पुढचासुद्धा लांब होता. मॅनेजर म्हणाला, पुन्हा तोंड दाखवू नकोस.
आई धापा टाकत खाली आली. माझ्या छातीवर हात ठेवला आणि रडायलाच लागली. थांब थांब म्हणून ओरडतेय, ऐकू येत नाही का, म्हणाली. पेसमेकर बसवलेल्या माणसाने एवढं पळायचं असतं का! टीव्हीवाला दरवेळी तुला पेसमेकर, पेसमेकर म्हणतो, आम्ही काय बहिरे आहोत? तू गुडघा म्हणतोस, तर तुला वाईट वाटू नये म्हणून आम्हीही गुडघाच म्हणतो.
म्हणजे दोन वर्षं सगळं घर माझं हृदय सांभाळत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्षणभर वाटलं, राहू दे तसंच. एवढ्या आजारात शेवटचा येणं म्हणजे केवढा पराक्रम! पण आई माझ्या छातीवरचा हात काढेना. सांगून टाकलं सगळं. पेसमेकर म्हणजे काय ते. हृदय ठणठणीत आहे, दोन्ही गुडघेसुद्धा.
आईने डोळे पुसले. देव पावला म्हणाली. बाबांना फोन करून कळवलं. मग फोन ठेवून मला विचारलं, काहीच झालेलं नाही, तर मग शेवटचा कसा आलास?