दोघांच्या गोळ्या

सुकन्या,

“गोळ्या नवरा-बायको दोघांनी घ्यायच्या, आजी. नाहीतर हा आजार परत परत येईल,” असं डॉक्टरीणबाई तुझ्यासमोरच म्हणाल्या होत्या. सून आलेल्या घरात असलं बोलू नये म्हणून त्याआधी मी सहा महिने लघवीच्या जागेची जळजळ सोसत देवाचा भंडारा पाण्यातून घेत बसले.

आज पूजा आटोपून तुझ्या सासऱ्यांपुढं गोळ्या ठेवल्या. ते ओरडले, “साठीला आलीस आन् ही थेरं? कुणाचा रोग आणलास गं?”

मी हळूच म्हटलं, “तुमच्याबिगर माझ्याजवळ कोण येतं हो?”

त्यांनी मेंढरामागची काठी आधी हातावर, मग डोक्यात घातली. पडल्यावरही लाथा थांबल्या नाहीत. गोळ्या चुलीत गेल्या.

न्हाणीत डोकं धुतलं, तिथलं रक्तही धुतलंय. डावा हात मोडला असावा. उपास मात्र मोडला नाही. कोकरांना दूध पाज. अजिनाथ रानातून आला की माझ्याबद्दल “आत्या पाय घसरून पडल्या” म्हणू नकोस, बापानं आईला मारलं असंच सांग.

त्यांनी पुन्हा हात उचलला तर गप्प बसणार नाही, असा शब्द तू माझ्याकडून घेतला होतास. मी मंद्रूपच्या पोलीस ठाण्यात चाललेय.

तुझी सासू,
मायाक्का