पळणं आणि उभं राहणं

९ नोव्हेंबर

आजचा शब्द — रन. विजयश्रीने रोज एक इंग्रजी शब्द द्यायचा आणि मी त्याची वाक्यं करायची, असं आमचं ठरलंय. ती आमच्याच मागच्या खोल्यांत भाड्याने राहते. परभणीची. चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. तिथे ऑफिसात आणखी एक बाई हवी आहे, इंग्रजीत मेल लिहिणारी. मी बी.कॉम. आहे, लिहिता येईल. बोलताना मात्र घोडं पेंड खातं.

मला वाटलं, रन म्हणजे पळणं, त्यात काय शिकायचं! पण नळ वाहतो तोही रन. नाक गळतं तेही रन. साडीचा रंग जातो, मशिन चालते — सगळं रनच. एवढ्याशा शब्दाला किती कामं!

१० नोव्हेंबर

गॅस संपला. रन आउट.

घर चालवणं हेही रनच निघालं. म्हणजे लग्न झाल्यापासून मी पळतेच आहे की.

जेवताना नोकरीचं काढलं. सासरे रागावले नाहीत, हसले. ते जास्त लागलं. म्हणाले, आपले भाडेकरू ज्या बसच्या लायनीत उभे राहतात, त्याच लायनीत या सोपानरावाची सून? रावेतमध्ये तोंड कसं दाखवायचं? शेतं गेली, त्यांवर खोल्या उठल्या, तेव्हापासून या घरात कंपनी म्हणजे भाडेकरूंची गोष्ट. कुलदीप ताटातच बघत राहिला. नंतर मला म्हणाला, तुला इथे काय कमी आहे? नवरा वाईट नाही माझा. आणि कमी तर काहीच नाही. तक्रार तरी कशाची करू?

१२ नोव्हेंबर

काल आरक्षणाची सोडत निघाली. कुलदीप महापालिकेच्या ज्या जागेवर डोळा ठेवून होता, ती बायकांसाठी राखीव. सगळी तयारी पाण्यात. घरात सुतक.

१३ नोव्हेंबर

सुतक संपलं. मला उभं करणार आहेत! अपक्ष.

विचारलं नाही कोणी, सांगितलं. नाव सुनेचं, कारभार कुलदीपचा. कंपनीत गेले तर तोंड दाखवायला जागा नाही, पण चौकाचौकात फ्लेक्सवर माझं तोंड टांगलेलं चालेल.

विजयश्री म्हणाली, ताई, निवडणूक लढवण्यालाही इंग्रजीत रनच म्हणतात. म्हणजे तिकडच्या बायका पळतात. आमच्याकडे उभं करतात. मांडवाचा खांब उभा करतात तसं.

२ डिसेंबर

फ्लेक्स लागला. डोक्यावर पदर, जोडलेले हात. कुलदीपचा फोटो माझ्यापेक्षा मोठा. क्षणभर वाटलं, ही कोण बाई?

१९ डिसेंबर

गच्चीवर टाकीमागे बसून विजयश्रीच्या कंपनीला मोबाइलवर मुलाखत दिली. साहेबांनी विचारलं, आधी काय काम केलंय. बोलून गेले — आय रन अ हाउस. ते हसले नाहीत. लिहून घेतलं.

२२ डिसेंबर

निवड झाली! ५ जानेवारीला हजर व्हायचंय. घरात कोणाला सांगू?

२६ डिसेंबर

उमेदवारी अर्ज भरला. हलगी, गुलाल, हार. कुलदीप म्हणाला, "तू फक्त सही कर, बाकी मी बघतो." केली. त्याचा चेहरा इतका खुलला होता की नाही म्हणायला जीभ उचलली नाही. माझीच मला चीड येते.

रन अवे — पळून जाणे. याचं वाक्य केलं नाही.

३१ डिसेंबर

मेथी निवडताना सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. नोकरीचं, तारखेचं, सगळं. त्या कधी कशात पडत नाहीत. खुडलेली पानं बाजूला सारली. मग म्हणाल्या, "गाव महापालिकेत जायच्या आदी मी पंचायतीत मेंबर व्हते. ठावं हाय का तुला?"

मला या घरात कोणी हे सांगितलंच नव्हतं.

"पाच वरीस व्हते. सहीचे कागद घरी यायचे. हापिसाचं दार बी पाह्यलं न्हाई मी."

अर्ज मागे घेता येतो का, हेही त्यांनी विचारलं. येतो म्हटलं, दोन तारखेपर्यंत. सही माझीच लागते.  त्या मेथी उचलून आत गेल्या.

२ जानेवारी

देवळात जातो, असं सांगून सासूबाईंनी मला बाहेर काढलं. रिक्षा निवडणूक कार्यालयापाशी थांबवली. मला वाटलं, त्या बाहेर थांबतील. त्या माझ्या आधी आत शिरल्या.

मी सही केली. नाव मागे घेतलं.  सासूबाई टेबलं, कपाटं, खुर्च्या सगळं नीट न्याहाळत होत्या. "एवढंच व्हय," म्हणाल्या.

घरी काय होईल ते होईल. परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, "कंपनीची बस कुठं थांबती? सोमवारी मी येते तुला सोडायला."