हातातली दोन, टेबलावरची तीन

रविवार, ४ मे

सगळे हसले! सासूबाईसुद्धा — कवळी सावरत!

भाऊजींची नवी बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, घरात येऊन चार महिने झाले. तेव्हापासून दर रविवारी दुपारी पत्त्यांचा डाव. ओमाहा पोकर. लग्नाआधी बाईसाहेब प्रवासी जहाजावर पत्ते वाटायच्या नोकरीला होत्या ना! प्रत्येकाला चार पानं, टेबलावर पाच उघडी. लावायला बटणं — तीही माझ्या शिवणाच्या डब्यातली.

आज टेबलावर चार बदाम आणि माझ्या हातात बदामचा एक्का. झाले की पाच! फ्लश! सगळी बटणं पुढे लोटली. तर ही गोड आवाजात — "वहिनी, हातातली दोनच घ्यायची, टेबलावरची तीनच. एका बदामाने नाही हो भागत."

नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता म्हणे. त्या दिवशी मी सगळ्यांच्या कपबशा विसळत होते; खेळायला बसले ती आजच पहिल्यांदा.

हे तर डोळे पुसेपर्यंत हसले. एकोणीस वर्षांत माझ्या कुठल्या विनोदाला असे हसले नाहीत.

मंगळवार, ६ मे

जेवताना सासूबाईंनी तिला आपल्या शेजारची खुर्ची दिली. नव्याची नवलाई, दुसरं काय!

रविवार, ११ मे

खेळले नाही. डोकं दुखतंय म्हटलं. दुखत होतं पोट — आणि कशानं ते मला पक्कं ठाऊक!

आतल्या खोलीत शर्टाला काजं करत बसले. कान बाहेर. ती ह्यांना शिकवत होती — "दादा, चार पानं एका घरातल्यासारखी हवीत, एकमेकांच्या उपयोगी पडणारी. तीन चांगली आणि चौथं नुसतंच लोंबकळतंय, असा हात घेऊन बसायचं नाही."

चौथं लोंबकळतंय! माझ्याबद्दल नव्हतं. तरी लागलंच.

"अगं, पण राजांची जोडी आलीय!" — हे.

"सोबत काय आहे बघा ना. सत्ती आणि दुर्री. राजे एकटे पडतात इथे."

आणि फ्लशच्या मागे धावायचं तर त्या रंगाचा एक्का आपल्या हातात हवा. नाहीतर आपला फ्लश होतो आणि समोरच्याचा मोठा निघतो.

सगळं उतरवून घेतलं. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत, एका ब्लाउजच्या खाली.

बुधवार, १४ मे

हे नि भाऊजी कामाला गेले, सासूबाई आडव्या झाल्या की कापड बेतायच्या टेबलावर पत्ते मांडते. चार-चार पानं वाटायची आणि ठरवायचं — खेळायचं की टाकायचं. पहिल्या दहांतले आठ हात मी मोहात पडून ठेवले असते. आता दहांतले सहा-सात टाकते. टाकताना जीव तुटतो. कापड वाया घालवल्यासारखं वाटतं.

गुरुवार, २२ मे

ती दाराशी आली. "वहिनी, काळा दोरा आहे?" मी घाईघाईने पत्त्यांवर अस्तर पसरलं. दोरा दिला.

हसते तेव्हा किती सुंदर दिसते मेली!

शनिवार, ३१ मे

चारही पानं लागोपाठची किंवा जवळजवळची असली, तर सीक्वेन्स, म्हणजे ओळीची पाच, पुरा करणारी पानं मोजत सुटावं — नऊ, तेरा, कधी वीस! हे तिनं कुणाला शिकवलेलं नाही. माझं मी काढलं.

रविवार, १ जून

जिंकले! जिंकले! तिला हरवलं!

हातात गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की. टेबलावर पहिली तीन — नव्वी, अठ्ठी, दुर्री. मनात मोजलं. राणी आली तरी सीक्वेन्स, पंजी आली तरी, माझ्या पानांच्या जोडीदारांतलं कुठलंही आलं तरी! वीस पानं! हे चहा टाकायला उठलेले, भाऊजी पेंगत होते, सासूबाईंनी पानं टाकली. उरलो आम्ही दोघीच. चौथं पान राजा. फुकट. पाचवं — राणी!!

सगळी बटणं लोटली. "अगं, बोल ना लवकर!" असं ओरडलेसुद्धा.

तिनं आपल्या पानांकडे पाहिलं. टेबलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पानं पालथी टाकली. "नाही बाई. तुमचाच डाव."

मी सीक्वेन्स उलगडून दाखवला. हे चहाचा ट्रे घेऊन दारातच उभे. "हे कधी शिकलीस तू?" सासूबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. खरंच मारली!

खेळ तिथेच थांबला. पत्ते मीच गोळा करून ठेवले — ज्याचे त्याचे तसेच, एकावर एक.

सोमवार, २ जून

सकाळी कालचा डाव पुन्हा बघायची हौस आली. पत्ते पिसलेले नव्हते. टेबलावरची नव्वी, अठ्ठी, राणी — तिन्ही चौकट. काल आनंदात मला रंग दिसलाच नव्हता! आणि तिच्या पालथ्या चारांत चौकटचा एक्का. चौकटची तिर्री. फ्लश. माझ्या सीक्वेन्सच्या वरचा, सगळ्यांत मोठा.

तिला सगळं दिसलं होतं.

आधी अंगाचा तिळपापड झाला. विजयसुद्धा तिनंच द्यावा मला! मग आठवलं — पानं टाकण्याआधी तिनं माझ्याकडे पाहिलं होतं.

दुपारी ती दाराशी आली. आत यावं की नाही, असं करत. मी शेजारची खुर्ची ओढली.

"बस. एक डाव मांडू. पण आज खरं खेळायचं."

ती लालेलाल झाली. "कळलं तुम्हाला?"

"कळलं. वाट पानं."