कुत्र्याला न्यायला आलोय

११ जानेवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. माणसाला शिस्त पाहिजे. घरात बायको आहे की नाही याच्याशी शिस्तीचा संबंध नाही.

संयोगिता भाऊबीजेला माहेरी गारगोटीला गेली, ती अजून गेलेलीच. येईल. भांडण वगैरे काही झालेलं नाही. पाहुणे जेवायला होते, मी एवढंच म्हणालो की हिला पांढरा रस्सा काही जमत नाही, मोठ्या मनानं गोड मानून घ्या. विनोद होता. सगळे हसले. ती हसली नाही. कळला नसेल, म्हणून पुन्हा सांगितला.

पेठेत लोक विचारतात, वहिनी कधी येणार? मी सांगतो, तिच्या आईची तब्येत बरी नाही. शेजारची आक्का म्हणाली, तुमच्या सासूबाई परवाच अंबाबाईच्या देवळात भेटल्या की, चांगल्या धडधाकट आहेत. आक्कानं चष्मा बदलायला पाहिजे.

मी न्यायला जाणार नाही. आमच्यात नवरा न्यायला गेला की चूक त्याची, विषय संपला. आणि तिचं कुत्रं माझ्याकडं आहे. मेव्हणा मागायला आला होता, दिलं नाही. कुत्र्यासाठी तरी तिला यावंच लागेल.

१४ जानेवारी, संक्रांत
तिचा तिळगुळाचा मेसेजसुद्धा नाही. मीही पाठवला नाही. तीनदा टाईप करून खोडला, तो वेगळा मुद्दा.

कुत्र्याचं नाव बदललं. 'बाळ्या' हे काय नाव आहे? मार्केटच्या मागं पावसात सापडलेलं पिल्लू, हिनं पदराखाली घालून आणलं आणि ठेवलं बाळ्या. आजपासून कॅप्टन. दिवसभर हाका मारल्या, बघतसुद्धा नाही. कान तपासून घ्यावे लागतील.

१७ जानेवारी
ऑफिसातल्या अमरसिंहचा एक ग्रुप आहे, हॅमॉक कॅम्पिंगचा. दोन झाडांच्या मध्ये कापडी झोळी बांधायची आणि त्यात झोपायचं. तंबू नाही, काही नाही. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी, मी नाव दिलं. कुत्रं आणलं तर चालेल का विचारलं. चालेल म्हणाला, फक्त झाडाला बांधायचं, हॅमॉकला नाही. एवढी अक्कल मला आहे.

जागा मी सुचवली. गारगोटीच्या अलीकडचं रान. संयोगिताच्या माहेरचा मळा तिथून हाकेच्या अंतरावर आहे, हा निव्वळ योगायोग. तिथली झाडं चांगली आहेत.

प्लॅन असा. रविवारी सकाळी मळ्याच्या रस्त्यानं मॉर्निंग वॉक. मी ट्रॅकसूटमध्ये, शेजारी कॅप्टन, एकदम शिस्तीत. ती गोठ्यापाशी असेलच. बघेल. मी बघणार नाही. ती म्हणेल, मला घेऊन चला. मी जरा विचार केल्यासारखं करीन आणि हो म्हणेन. नाद खुळा.

२० जानेवारी
सराव म्हणून हॅमॉक गॅलरीच्या ग्रिलला बांधला. ग्रिल निघालं. पूर्वीची कामं राहिलेली नाहीत.

कुत्रं संयोगिताच्या जुन्या साडीवर झोपायचं. वास मारत होती, साबण लावून धुतली. तेव्हापासून त्यावर झोपत नाही आणि नीट खातही नाही. रात्री दारात बसतं. हट्टी आहे. कुणाच्या वळणावर गेलंय ते सांगायला नको.

२४ जानेवारी, शनिवार, कॅम्पवरून
गारगोटीच्या बाजारात कोथिंबीर घ्यायला पुढं गेलो, तेव्हा कुत्र्यानं गाडीच्या काचेला नाक लावून असं रडायला सुरुवात केली की येणारे-जाणारे थांबले. ग्रुपमधली भैरवी म्हणाली, याची इथं ओळख आहे वाटतं. मी म्हटलं, उकाडा आहे. जानेवारी आहे हे नंतर लक्षात आलं.

ग्रुप तसा पोरांचाच आहे. भैरवी, मोहित, आणखी दोघं. ही मंडळी रानात येऊन मॅगी खाणार होती. कोल्हापूरचं नाव काढलं असतं. मी आधीच जाहीर केलं होतं, मटण आणतोय, पांढरा रस्सा मी करणार. बारा वर्षं संयोगिताला करताना बघितलंय, त्यात काय अवघड?

रस्सा फाटला. नारळ जुना असणार. पोरांनी दोन घास खाल्ले आणि मग बॅगेतलं भडंग काढलं. मोहितनं विचारलं, वहिनी नारळाचं दूध कधी घालतात? मला आठवेना. ती करायची तेव्हा मी बाहेर पाहुण्यांशी बोलत असायचो. कुत्र्यापुढं वाटी ठेवली, त्यानं हुंगून तोंड फिरवलं. गाढवाला गुळाची चव काय.

कुत्र्याची साखळी हॅमॉकलाच बांधली आहे. झाडाला बांधून जिव्हाळा तयार होत नाही.

२५ जानेवारी, रविवार, दुपार
उजाडताना मळ्याकडून म्हैस हंबरली. पाठोपाठ बादलीचा आवाज. कुत्रं ताडकन उठलं आणि पळालं, हॅमॉक उलटा झाला, मी तोंडावर. गाठ सुटली आणि साखळीसकट बाळ्या रानात. कॅप्टन म्हणायचं होतं.

कॅप्टन, कॅप्टन करत तासभर हिंडलो. पोरंही हिंडत होती. भैरवी म्हणाली, काका, त्याचं खरं नाव घ्या की. मग काय करणार? बाळ्या म्हणून ओरडलो. ओढ्याच्या काठानं, उसाच्या फडातून, टेकडीवर चढून. घसा बसला. एखाद्या गाडीखाली गेलं असेल या विचारानं डांबरी रस्त्यापर्यंत दोनदा पळत जाऊन आलो. मॉर्निंग वॉक ठरलेलाच होता.

शेवटी एका बाईनं सांगितलं, हंबीररावांच्या मळ्यात नवं कुत्रं आलंय. हंबीरराव म्हणजे माझे सासरे.

गेलो. ट्रॅकसूट गुडघ्यावर फाटलेला, केसात उसाचं पाचट. मागं अमरसिंह आणि सगळा ग्रुप. संयोगिता घराच्या पुढच्या सोप्यात बसली होती, बाळ्या तिच्या पायावर मान टाकून पडलेला. शेपूट हलवत होता. तीन महिन्यांत मी ते शेपूट हललेलं बघितलं नव्हतं.

ती वाळली आहे.

सासूबाई मला बघून आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. तांदूळ, नारळ, खण. ओटी भरायची तयारी. मेव्हण्यानं संयोगिताची बॅग आणून दाराशी ठेवली. भरलेली होती. इतक्या पटकन कुणी बॅग भरत नाही, म्हणजे आधीच भरून ठेवलेली असणार.

सासरे म्हणाले, "या जावयबापू. न्यायला आलासा न्हवं?"

नुसतं व्हय म्हणायचं होतं. पण मागं पोरं उभी होती. मंगळवारी ऑफिसात झालं असतं की हा बायकोला न्यायला रानातून लपतछपत गेला. मी म्हटलं, "कुत्र्याला न्यायला आलोय."

सासूबाईंनी ताट आत नेलं.

संयोगिता उठली. साखळी माझ्या हातात दिली. म्हणाली, "सकाळधरनं बाळ्या बाळ्या म्हणून वरडत हुतासा. हितवर ऐकू येत हुतं. मला वाटलं, आता माझं बी नाव घेतील."

मग बॅग उचलून आत गेली. जड होती, दोन्ही हात लावावे लागले. मी धरायला पुढं झालो नाही, गैरसमज झाला असता.

कुत्र्याला गाडीपर्यंत ओढत न्यावं लागलं. तरी मुद्दा असा की कुत्रं अजून माझ्याकडं आहे.

२६ जानेवारी
प्रजासत्ताक दिन. विश्रांती. अमरसिंहनं मला ग्रुपमधून काढलं. चुकून झालं असेल.

१ फेब्रुवारी, रविवार
आठवडाभर कुत्रं दाराकडं तोंड करून बसलंय. बाळ्या म्हणूनच हाक मारतो. कान हलवतं, वळत नाही.

आज मटण आणून पुन्हा रस्सा केला. पुन्हा फाटला. दूध कधी घालायचं एवढंच विचारायला तिला फोन लावला. दुसरं काही नाही. विचारताना नावानं हाक मारायची असं ठरवलं होतं. आरशापुढं दोन-तीनदा म्हणूनही बघितलं. संयोगिता. अवघड नाही.

फोन सासऱ्यांनी उचलला. म्हटलं, मी बोलतोय. ते म्हणाले, "कुत्रं बरं हाय न्हवं?"

म्हटलं, बरं आहे.

बरं म्हणाले, आणि फोन ठेवला.