टाकी क्रमांक चारमधील स्पंज जडवस्तू नसल्याबाबत

दिनांक : ९ जानेवारी २०२५

प्रति,
मा. अधीक्षक,
जलदर्शन मत्स्यालय, रत्नागिरी.

अर्जदार : भिकाजी पिलणकर, टाकी परिचर

विषय : जडवस्तू क्र. ६१ ही जिवंत निघाल्याने तिचे निर्लेखन थांबविण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचाच दि. २ जानेवारीचा अर्ज.
२) तो मंजूर करणारा आपला दि. ३ जानेवारीचा आदेश.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करतो की, त्याच्या अठरा वर्षांच्या सेवेत एका दिवसात मंजूर झालेला त्याचा हा पहिलाच अर्ज होय. गमबूट मिळण्याबाबतचा त्याचा अर्ज २०१९ पासून विचाराधीन आहे. असा दुर्मीळ मंजूर अर्ज मागे घेण्याची पाळी त्याच्यावरच यावी, याबद्दल तो कोणालाही दोष देत नाही. दोष द्यायला दुसरे कोणी जवळपास नाही.

१. सन २०१७ मध्ये आरे-वारेच्या किनाऱ्यावरून आणलेला एक खडक टाकी क्र. ४ मध्ये ठेवण्यात आला. त्यावर हळदीच्या रंगाचा, घावनासारखा भोकाभोकांचा, चार इंचांचा एक थर होता. आपल्या कार्यालयात दोन नोंदवह्या आहेत : सजीव नमुन्यांची व जडवस्तूंची. सजीव नमुन्यांच्या वहीत ‘हालचाल’ असा रकाना असून तो भरल्याशिवाय नोंद होत नाही. अर्जदार जेवणाची सुट्टी खर्ची घालून त्या थरासमोर उभा राहिला. थर हलला नाही. सबब ‘समुद्री दगड, पिवळा, सच्छिद्र, नग १’ अशी जडवस्तूंच्या वहीत टेबलपंखा व बादली यांच्यामध्ये, क्र. ६१ वर, नोंद झाली. अक्षर अर्जदाराचे आहे.

२. त्यानंतर सात वर्षे वार्षिक पडताळणीत अर्जदाराने नग क्र. ६१ पुढे ‘बरोबर’ असे लिहिले. त्यासाठी त्याने नगाकडे एकदाही नीट पाहिले नव्हते, हेही आता सांगून टाकणे बरे. यंदा तपासणी पथक येणार म्हणून त्याने प्रथमच टेप लावला, तेव्हा नग चौदा इंच भरला. जडवस्तू हरवल्यास काय खुलासा द्यावा हे अर्जदारास पाठ आहे; वाढल्यास काय द्यावा, हे कोणत्याही परिपत्रकात सापडले नाही. वाढते ते जिवंत असते, हा विचार शाळेतल्या पोराला सुचला असता. अर्जदाराला सुचले ते असे की, पथक येण्यापूर्वी नग खरवडून नष्ट करावा आणि वहीतून काढून टाकावा. तोच हा दि. २ चा अर्ज.

३. दि. ५ रोजी प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका श्रीमती राजश्री नाटेकर तिकीट काढून मत्स्यालयात आल्या आणि टाकी क्र. ४ समोर अर्धा तास थांबल्या. काचेला हात लावू नये, हे सांगण्यासाठी अर्जदार पुढे झाला असता, हा स्पंज आहे, म्हणजे प्राणी आहे, असे त्यांनी सांगितले. अर्जदाराने अनुभवी माणसाला शोभेल असे हसून त्यांना ‘हालचाल’ रकान्याची माहिती दिली. बाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुधात जिलबीचा रंग कालवून त्याचा एक थेंब ड्रॉपरने नगाच्या कडेला सोडायला लावला. थेंब बारीक भोकांतून आत गेला आणि थोड्या वेळाने वरच्या मोठ्या भोकातून केशरी धूर निघावा तसा बाहेर आला. बाई म्हणाल्या की, तो दिवसभर पाणी आत ओढतो, त्यातले खाणे ठेवतो आणि पाणी परत सोडतो. सात वर्षे रोज सकाळी अर्जदार त्याच्यासमोर चहा पीत उभा असे. आपल्यासमोर आणखी कोणी काही पीत आहे, हे त्याच्या लक्षात आले नव्हते. अर्जदारास तेव्हा फार लाज वाटली.

४. नगाची जात मात्र अद्याप ठरलेली नाही. रंगावरून जात सांगता येत नाही, आतल्या सुया पाहाव्या लागतात, असे बाईंचे म्हणणे पडले. त्यांनी नखाएवढा तुकडा घेऊन ब्लीचमध्ये विरघळवला व उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. त्यात काचेसारख्या असंख्य सुया होत्या. येथे अर्जदारास आणखी एक कबुली देणे भाग आहे. टाकी पुसताना बोटांत काच शिरते, अशा तीन तक्रारी त्याने काच बसवणाऱ्या ठेकेदाराविरुद्ध केल्या होत्या. ठेकेदार निर्दोष आहे. त्याच्या बिलातून कापलेली रक्कम परत द्यावी व अर्जदाराची दिलगिरी कळवावी.

५. हा प्रकार घरी सांगितला असता अर्जदाराची पत्नी सौ. दमयंती हिने पुढीलप्रमाणे अभिप्राय दिला : “अठरा वर्सं त्याच खुर्चीवर बसलाव, तुमी तरी कुठं हलताव? मग तुमची नोंद कुठल्या वहीत?” सदर अभिप्राय अर्जदाराने माहितीस्तव जसाच्या तसा नोंदविला आहे.

६. आपल्या आदेशानुसार सोमवार, दि. १३ रोजी टाकीतील पाणी सोडून नग खरवडायचा आहे. पाणी गेले की स्पंजाच्या भोकांत हवा शिरते आणि तो मरतो, खरवडण्याची गरजही उरत नाही. दुसऱ्या टाकीत हलवायचा तरी तो खडकाला धरून आहे, आणि खडक सहा माणसांनाही पाण्याखालून उचलत नाही. सबब विनंती की, आदेश रद्द करावा, नगाची नोंद सजीव नमुन्यांत घ्यावी आणि ‘हालचाल’ रकान्यात ‘आतून’ असे लिहिण्यास मंजुरी द्यावी. चुकीच्या नोंदीबद्दल जी शिक्षा असेल ती अर्जदारास द्यावी. चूक त्याची आहे. मरणार मात्र दुसराच आहे, आणि हे त्याला सहन होत नाही.

७. सोमवारच्या आत निर्णय होणे शक्य नसल्यास, टाकी क्र. ४ चे पाणी सोडण्याच्या व्हॉल्व्हची एकमेव चावी अर्जदाराच्या ताब्यात आहे, हे आपणास ज्ञात आहेच. ती चावी सोमवारी सकाळी सापडणार नाही. ऐनवेळी कार्यालयाची धावपळ होऊ नये, म्हणून तसे आजच लेखी कळवीत आहे.

आजपर्यंत आपला आज्ञाधारक,

(सही)
भिकाजी पिलणकर