वेटोळ्याचे मीटर

बाडमेरजवळून, १४ जानेवारी २०२५

ती. बाबांना गार्गीचा शि. सा. न. वि. वि.

इथं मोबाइल गेटवरच जमा करतात आणि मुक्कामाच्या जागी रेंज नाही, म्हणून पत्र. तेलविहिरीत जोरानं पाणी आणि वाळू सोडून खोलवरच्या खडकाला भेगा पाडतात. तुम्ही टेलिफोन खात्यात जन्मभर जोडलीत तीच काचेची तार विहिरीत सोडली आहे. खडक थरथरला की तिला कळतं, आणि तारेचे मीटर मोजून भेग किती खोल आहे ते मी सांगते. वर खडकाचा एक घट्ट थर आहे, त्याच्यावर गावाचं गोडं पाणी. परवाची भेग त्या थराच्या सत्तर मीटर खाली थांबली, असं मी लिहून दिलंय. तरी भेग थर फोडून वर गेली तर ते पाणी नासेल, म्हणून जीव धास्तावलेलाच असतो. मोठा पंप चोवीसला लागेल, मग भेग आणखी वर चढेल.

तुमची शिकवण विसरले नाही हं, जास्तीच्या तारेचं वेटोळं वर, मोजणीच्या यंत्रापाशी ठेवलंय. काळजी करू नका म्हटलं तरी कराल, तशीच माया असू द्या.

आपली गार्गी

हुडकेश्वर, नागपूर, १८ जानेवारी

चि. गार्गीस अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि चहा तसाच राहिला. वेटोळं वर ठेवलंस, पण ते मापातून वजा केलंस का? तारेचे मीटर यंत्रापासून मोजले जातात, विहिरीच्या तोंडापासून नाही. मी एकदा तुटलेली तार शोधताना हेच विसरलो आणि गांधीबागेत भलत्याच कापडदुकानापुढे रस्ता खणून बसलो. दुकानदार आठवडाभर तोंडसुख घेत होता. माझा खड्डा बुजवता आला, तुझ्या भेगेचं तसं नाही.

आईनं तीनदा फोन लावला, लागत नाही. ती म्हणते, पोरीले काहून घाबरवून राहिले. मी घाबरवत नाही, मीच घाबरलोय. चोवीसच्या आत मोज. उत्तर येईतो घास गोड लागायचा नाही.

तुझे बाबा

बाडमेरजवळून, २४ जानेवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी पत्र हातात पडलं तेव्हा पंपाची तयारी झाली होती. धावत जाऊन वेटोळं मोजलं. बासष्ट मीटर. वजा केलंच नव्हतं. भेग थरापासून सत्तर नाही, फक्त आठ मीटरवर होती. चूक माझी, हे साहेबांना सगळ्यांसमोर सांगितलं आणि पंप लावायचं थांबलं.

साहेब रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटते. चौकशी होईपर्यंत मला यंत्राजवळ जायचं नाही. नोकरी राहते की जाते, कळत नाही. गावात मात्र आज रोजच्यासारखं पाणी भरलं.

वेटोळं ठेवायला कोणी शिकवलं, ते साहेबांना सांगितलं नाही. वजा करायला कोणी सांगितलं, तेवढं सांगितलं.

आता जेवा. आईला नमस्कार.

आपली गार्गी